टनामागे एक ग्रॅम

नंदुरबार जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, तेलाची विहीर नाही आणि औष्णिक वीजकेंद्रही नाही. तरीही कोळसा आणि खनिज तेलातली सूक्ष्म मूलद्रव्ये कशी मोजतात, यावरचे हे मराठी पुस्तक नंदुरबारच्या एका प्राध्यापिकेच्या हातून लिहिले गेले, याचे मला आश्चर्य वाटले नाही. नकाशा पुढ्यात घेतला की कारण कळते. भुसावळहून सुरतेकडे जाणारा तापी खोऱ्यातला जुना लोहमार्ग या जिल्ह्याच्या पोटातून जातो. पूर्वेकडच्या खाणींतला कोळसा याच रुळांवरून नवापूर ओलांडून उकाईच्या वीजकेंद्रात पोचतो. ते केंद्र १९७६ पासून चालू आहे आणि त्याचा ५०० मेगावॅटचा सहावा संच २०१३ मधला आहे. उकाई धरणाचे फुगवट्याचे पाणी तर नंदुरबार आणि नवापूर तालुक्यांत शिरलेलेच आहे. पूर्वेला, वरच्या अंगाला, भुसावळजवळ दीपनगरचे वीजकेंद्र. शहादा, तळोदा, अक्कलकुवा या गावांवरून जाणारा रस्ता अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता म्हणूनच ओळखला जातो, आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणी नंदुरबारपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आतच आहेत. खाण नसलेला हा जिल्हा कोळशाच्या आणि तेलाच्या वाटेवर बसलेला आहे.

या वाटेवरून काय जाते, याचा एक साधा हिशेब करून पाहू. कोळशाच्या एका रेकला ५८-५९ वाघिणी असतात आणि त्यांत मिळून जवळजवळ चार हजार टन कोळसा मावतो. धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी भारतीय वीजकेंद्रांच्या कोळशातला पारा मोजला. २०१४ च्या त्या अहवालात सरासरी आली टनामागे ०.१४ ग्रॅम. म्हणजे एका रेकमागे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास पारा. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला असे दोन रेक जाळतो. टनामागे ०.१४ ग्रॅम ही मात्रा ऐकताना नगण्य वाटते. रेक आणि दिवस मोजायला लागलो की ती नगण्य राहत नाही. सूक्ष्म मूलद्रव्यांचा सगळा विषय या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे. पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग, अर्थात टनामागे एक ग्रॅम. लेखिकेने पुस्तकभर हेच परिमाण डोळ्यांपुढे ठेवले आहे आणि ते फार योग्य केले आहे. विद्यार्थ्याला दशलक्ष दिसत नाही, टन दिसतो.

मुळात ही मूलद्रव्ये कोळशात आली कुठून? आपल्याकडचा गोंडवन कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत, वाहून आलेल्या गाळासोबत साचला. त्यामुळे चिकणमाती त्याच्या अंगातच मुरलेली आहे. राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के आणि धुऊनही फारसे कमी न होणारे, ही भारतीय कोळशाची ओळख त्यातूनच आली. क्रोमियम, व्हॅनेडियम, थोरियम बरेचसे या मातीच्या सोबतीने येतात. पारा आणि आर्सेनिक यांना मात्र पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, अधिक मानवते. जर्मेनियमचा ओढा वनस्पतिजन्य भागाकडे. व्हिक्टर गोल्डश्मिट याने गटिंगेनमध्ये १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळशाच्या राखेत जर्मेनियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्ये साठलेली दाखवली, तेव्हापासून कोळशाच्या भूरसायनाचा अभ्यास खरा रुळला. चीनमध्ये आज काही कोळशांच्या राखेतून जर्मेनियम काढले जाते. एकाच राखेत कुणाला विष दिसते आणि कुणाला धातूची खाण, पण दोघांनाही पहिला प्रश्न एकच पडतो : किती आहे?

तेलाची गोष्ट वेगळी आणि मला तरी अधिक देखणी वाटते. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये खनिज तेलात पॉर्फिरिन वर्गाची संयुगे सापडल्याचे दाखवले आणि त्यांचा सांधा थेट हरितद्रव्याशी जोडला. पानातल्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. कोट्यवधी वर्षे गाडले गेल्यावर तो निघून जातो आणि त्या जागी व्हॅनेडियम किंवा निकेल येऊन बसते. तेल सजीवांपासून झाले, याचा इतका नेमका रासायनिक पुरावा तोवर कुणाच्या हाती नव्हता. आज तेलातल्या व्हॅनेडियम आणि निकेल यांच्या गुणोत्तरावरून ते कोणत्या प्रकारच्या गाळातून आले याचा अंदाज बांधतात. शुद्धीकरण कारखान्याला हे आकडे निराळ्या कारणासाठी हवे असतात. हे दोन्ही धातू उत्प्रेरकावर साचून तो निकामी करतात, आणि व्हॅनेडियम असलेले जड तेल जाळले तर बॉयलरच्या नळ्या खाल्ल्या जातात. व्हेनेझुएलाच्या जड तेलात व्हॅनेडियम शेकडो पीपीएम असते. मुंबई हायचे आणि अंकलेश्वरचे तेल हलके असल्याने आपल्याकडे हा त्रास कमी. तेलावरचे प्रकरण या पुस्तकात त्यामुळे आटोपशीर आहे. मीही तिथे रेंगाळत नाही.

भट्टीत कोळसा जळतो तेव्हा या मूलद्रव्यांच्या वाटा फुटतात. काही राखेतच राहतात. आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, सेलेनियम यांची उष्णतेने वाफ होते आणि वायू निवत जातो तशी ती राखेच्या कणांवर पुन्हा बसते. कण जितका बारीक तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून सर्वांत बारीक राखेत त्यांची मात्रा सर्वांत अधिक. राख पकडणारी विद्युत यंत्रणा नेमक्या याच बारीक कणांपुढे थोडी कमी पडते. पारा बराचसा वायुरूपातच राहतो. काही राखेसोबत अडतो, उरलेला धुराड्याबाहेर पडतो. म्हणून नुसता कोळसा मोजून भागत नाही. आत गेलेला कोळसा, तळाशी साचलेली जाड राख, पकडलेली उडती राख आणि बाहेर पडणारा वायू, या सगळ्यांतली बेरीज जमली पाहिजे. जमाखर्च जुळला नाही तर कुठेतरी मोजायचे राहिले आहे किंवा चुकीचे मोजले आहे. पुस्तकातले सातवे प्रकरण या जमाखर्चावर आहे आणि ते सोडवून दाखवलेल्या गणितांसह आहे. विद्यार्थ्याने ती गणिते वाचून पुढे जाऊ नये, वहीत करावीत.

आता मोजमापाकडे. लोक यंत्राचे नाव विचारतात. अहवालावर मोठ्या यंत्राचे नाव असले की आकड्यावर विश्वास बसतो. माझ्या सगळ्या कामाच्या काळात मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली : आकडा बिघडतो तो बहुधा यंत्रापर्यंत पोचण्याच्या आधी.

चार हजार टनांच्या रेकमधून नमुना घ्यायचा आहे. वाघिणीच्या वरच्या थरातून फावडेभर उचलले तर काय हाती लागते? प्रवासात हादऱ्यांनी भुकटी खाली गेलेली असते आणि मोठे खडे वर आलेले असतात. पायराइट जड, शेल वेगळ्या वजनाची, त्यामुळे वरचा आणि तळाचा कोळसा रासायनिकदृष्ट्याही सारखा नसतो. भारतीय मानक आयएस ४३६ मध्ये किती वाघिणींतून, किती ठिकाणांहून, किती वजनाचे अंश घ्यायचे हे ठरवून दिले आहे. मग तो ढीग फोडायचा, शंकूसारखा रचायचा, माथा दाबून पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले दोन टाकायचे, पुन्हा फोडायचे, पुन्हा शंकू. क्विंटलांवरून किलोवर आणि किलोवरून ग्रॅमवर. शेवटी २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी भुकटी उरते आणि तिच्यातला दशांश ग्रॅम यंत्रात जातो. चार हजार टन म्हणजे चारशे कोटी ग्रॅम. त्यातला दशांश ग्रॅम म्हणजे चार हजार कोटी भागांतला एक भाग. त्या एका भागाने बाकीच्या सगळ्यांच्या वतीने खरे बोलावे, ही आपली अपेक्षा. ती पुरी करण्याचे काम फावडे धरणाऱ्या माणसाकडे आहे. त्याला उन्हातान्हात, घाईत, मजुरीवर ते काम करायला लावून नंतर वातानुकूलित खोलीत चौथ्या दशांशापर्यंत वजन करण्यात अर्थ उरत नाही.

दुसरी पायरी विरघळवण्याची. प्रयोगशाळेच्या बोलीत डायजेशन. पाव ग्रॅम कोळसा जाड भिंतीच्या टेफ्लॉन पात्रात घ्यायचा, वर तीव्र नायट्रिक आम्ल घालायचे. थोडा वेळ पात्र उघडे ठेवायचे, कारण सुरुवातीला तपकिरी वाफा जोरात येतात आणि लगेच झाकण लावले तर दाब आवरत नाही. मग झाकण घट्ट करून मायक्रोवेव्हमध्ये टप्प्याटप्प्याने तापवायचे. थंड झाल्यावर पात्र उघडले की काळी भुकटी नाहीशी झालेली असते, द्रव पिवळसर असतो, आणि तळाशी पांढरट गाळ दिसतो. तो गाळ म्हणजे वाळू आणि माती, तीच गोंडवन दलदलीत मुरलेली. कोळसा संपला, मातीचा भाग शिल्लक राहिला, आणि क्रोमियमसारखे मूलद्रव्य त्या मातीतच अडकलेले आहे. ते सोडवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. हे आम्ल सिलिका खाते, त्यामुळे काचही खाते. यंत्रातला काचेचा फवारा आणि काचेची नळी वाचवायला नंतर बोरिक आम्ल घालून त्याला बांधून टाकतात, नाहीतर ते भाग टेफ्लॉनचे बसवतात. कातडीवर थेंब पडला तर लगेच फारसे दुखतही नाही, पण ते आत शिरून शरीरातले कॅल्शियम ओढून घेते आणि जिवावर बेतू शकते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी नसेल त्या खोलीत हे आम्ल उघडूच नये. लेखिकेने ही सूचना चौकटीत, ठळक अक्षरांत, तीन वेगवेगळ्या प्रकरणांत छापली आहे. संपादकाने पुनरुक्ती म्हणून ती काढायला सांगितली होती. तिने ऐकले नाही, आणि मी तिच्या बाजूने आहे.

विरघळवण्याऐवजी आधी कोळसा जाळून राख करावी आणि राख विरघळवावी, हा सोपा रस्ता आहे. बऱ्याच मूलद्रव्यांसाठी ५०० अंशांच्या आसपास सावकाश जाळून तो चालतोही. पाऱ्यासाठी तो मुळीच चालत नाही, कारण भट्टीच्या दारातूनच पारा निघून जातो. पाऱ्यासाठी वेगळे यंत्र आहे. कोळशाची भुकटी होडीच्या आकाराच्या छोट्या पात्रात ठेवून ऑक्सिजनच्या प्रवाहात जाळतात, निघालेला वायू उत्प्रेरकावरून नेतात आणि सोन्याच्या पृष्ठभागावर पाऱ्याला धरतात. सोने आणि पारा यांची जवळीक सोनाराला फार आधीपासून ठाऊक आहे. मग सोने एकदम तापवले की सगळा पारा एकाच वेळी सुटतो आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचे शोषण मोजले जाते. आम्ल नाही, डायजेशन नाही, सहा-सात मिनिटांत आकडा. पूर्वीची पद्धत, १९६८ ची हॅच आणि ऑट यांची थंड वाफेची, याच तरंगलांबीवर चालते, पण तिला द्रावण लागते. आणि द्रावण म्हटले की पुढचा प्रश्न आलाच. पाव ग्रॅम सरासरी कोळशात ३५ नॅनोग्रॅम पारा असतो. तो ५० मिलिलिटरमध्ये विरघळवला तर लिटरला ०.७ मायक्रोग्रॅम होतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने पाऱ्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे विरघळवलेल्या कोळशाचे द्रावण पाऱ्याच्या बाबतीत पिण्याच्या पाण्याच्या निकषात बसते! अशा वेळी आम्लाच्या बाटलीतला, पात्राच्या भिंतीला चिकटलेला, खोलीत पूर्वी फुटलेल्या थर्मामीटरचा पारासुद्धा निकालात येऊन बसतो.

यासाठी ब्लँक. कोळसा न घालता बाकी सगळे तसेच करायचे, तेच आम्ल, तेच पात्र, तोच वेळ. ब्लँकमध्ये जे आले ते आपले, कोळशाचे नव्हे. त्याच्या जोडीला प्रमाणित कोळसा चालवायचा, ज्यातल्या मूलद्रव्यांची मात्रा आधीच अनेक प्रयोगशाळांनी मिळून ठरवलेली असते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या १६३२ या मालिकेतला कोळसा आणि १६३३ मालिकेतली राख जगभर यासाठी वापरतात. ज्या अहवालात ब्लँकचा आणि प्रमाणित नमुन्याचा आकडा नाही, त्या अहवालाला माझ्या लेखी अर्धाच अहवाल म्हणावे लागते.

यंत्रांचा इतिहास पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथे धावता. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० च्या आसपास ज्योतीच्या रंगातून मूलद्रव्य ओळखण्याचा मार्ग दाखवला. ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श याने १९५५ मध्ये अणुशोषणाची पद्धत मांडली : ज्योत किती उजळते ते पाहण्याऐवजी ज्योतीतले अणू किती प्रकाश गिळतात ते मोजायचे. साधी उलटफेर, पण तिने सगळ्या जगातल्या प्रयोगशाळा बदलल्या. १९६० च्या दशकात ग्रीनफिल्ड आणि फॅसेल यांनी आर्गॉनचा प्लाझ्मा आणला, सहा ते आठ हजार केल्व्हिनचा, आणि एकाच वेळी वीस-तीस मूलद्रव्ये वाचता येऊ लागली. १९८० मध्ये हाउक आणि सहकाऱ्यांनी त्या प्लाझ्मापुढे वस्तुमान वर्णपटमापी जोडला. तो आयसीपी-एमएस. आज अब्जांशातली मात्रा त्यानेच मोजतात. त्याचा खर्च मात्र लक्षात घ्यावा. हा प्लाझ्मा मिनिटाला १५ लिटरच्या आसपास आर्गॉन पितो, सात घनमीटरचा सिलिंडर आठ तासही पुरत नाही. वीज क्षणभर दबकली तरी प्लाझ्मा विझतो आणि अर्धवट राहिलेली मालिका पहिल्यापासून करावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी असे यंत्र बसवण्याआधी सिलिंडर कुठून येणार आणि यूपीएस किती किलोव्हॅटचा, हे विचारणे यंत्र निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा तुर्भ्याचा. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथली अप्सरा अणुभट्टी चालू झाली आणि न्यूट्रॉन-सक्रियण विश्लेषण आपल्याकडे शक्य झाले. कोळसा विरघळवायचा नाही, जाळायचा नाही, तसाच न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायचा. आर्सेनिकचे किरणोत्सारी रूप तयार होते, त्याचा अर्धायुकाल सव्वीस तासांचा, आणि त्याच्या गॅमा किरणांवरून मूळ मात्रा काढता येते. डायजेशनच्या सगळ्या शंका इथे संपतात. शिसे मात्र या पद्धतीला दिसत नाही. प्रत्येक पद्धतीला असे एक आंधळे ठिकाण असते, आणि ते पद्धतीच्या कौतुकाआधी सांगावे, ही या पुस्तकाची शिस्त मला फार आवडली.

आयसीपी-एमएसचे आंधळे ठिकाण आर्सेनिकजवळ आहे. आर्सेनिकचा एकच स्थिर समस्थानिक, वस्तुमान ७५. प्लाझ्मा आर्गॉनचा, वस्तुमान ४०. नमुन्यात क्लोरिन असेल, वस्तुमान ३५, तर दोघे एकत्र येऊन ७५ चा आयन होतो आणि यंत्र त्याला आर्सेनिक म्हणून मोजते. म्हणजे एखाद्याने सवयीने हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की कोळशात नसलेले आर्सेनिक अहवालात येते. क्लोरिन आणि ऑक्सिजन मिळून ५१ होतो, तो व्हॅनेडियमची जागा घेतो. नव्या यंत्रांत हेलियम भरलेल्या कोठडीत असे जोडआयन अडवतात, पण ती कोठडी चालू होती का, हे अहवालात लिहिलेले असावे लागते. हातात धरून रोखायचे एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे, यंत्र हल्ली खूप विकले जाते. बंदुकीसारखे धरा, अर्ध्या मिनिटात आकडे. त्यात शिसे आणि आर्सेनिक यांच्या मुख्य क्ष-किरण रेषा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात, १०.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोड्या पुढे. शिसे भरपूर असेल तिथे आर्सेनिकचा आकडा डोळे मिटून घेऊ नये. आणि टनामागे ०.१४ ग्रॅम पारा तर त्या यंत्राला दिसूच शकत नाही.

असे हातातले यंत्र ही चाळणी-चाचणी झाली. चाळणी-चाचणी आणि खात्रीची चाचणी यांतला फरक नंदुरबारला नव्याने शिकवावा लागणार नाही. इथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. पाड्यावर जाऊन बोटातून रक्त घेऊन केलेली सोल्युबिलिटी चाचणी आणि नंतरची इलेक्ट्रोफोरेसिस, या दोन पायऱ्या आरोग्यसेविकेपासून शाळेतल्या मुलीपर्यंत अनेकांना माहीत आहेत. पहिली पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झाले असे कुणी मानत नाही. राखेच्या, मातीच्या आणि पाण्याच्या अहवालांनाही हीच शिस्त लागू व्हायला हवी.

अहवालात ‘आढळले नाही’ असे दोन शब्द असतात आणि सामान्य माणूस ते ‘नाही’ असे वाचतो. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मान्य मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एखाद्या प्रयोगशाळेची पद्धत ०.०५ च्या खाली पाहूच शकत नसेल, तर तिचे ‘आढळले नाही’ त्या मर्यादेविषयी काहीही सांगत नाही. मोजण्याची किमान क्षमता कागदावर आहे का, ती मर्यादेच्या खाली आहे का, हे दोन प्रश्न ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही विचारता येतात. त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. पुस्तकाच्या शेवटी एक नमुना-अहवाल देऊन त्यातल्या कोणत्या ओळीवर बोट ठेवायचे ते दाखवले आहे. त्या चार पानांसाठी तरी हे पुस्तक रसायनाच्या वर्गाबाहेर जायला हवे.

कायद्याचा आकडा आणि मोजमापातली अनिश्चितता किती जवळ असतात, हे पाऱ्याच्या उदाहरणात दिसते. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम ठरवली. पाऱ्यावरचा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ ला अमलात आला आणि भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. आता एक टन भारतीय कोळसा जळून ढोबळमानाने पाच-सहा हजार घनमीटर वायू होतो. टनातला ०.१४ ग्रॅम म्हणजे १४० मिलिग्रॅम पारा त्यात वाटला, राखेत काहीच अडकले नाही असे धरले, तर घनमीटरला ०.०२३ ते ०.०२८ मिलिग्रॅम येतो. मर्यादेच्या आत, पण अगदी कडेला. प्रत्यक्षात काही पारा राखेत अडकतो, म्हणून आकडा याहून खाली असतो. पण कोळसा सरासरीचा नसेल, खाण बदलली असेल, तर? आणि मोजमापातच तीस टक्क्यांची चूक असेल तर? अशा ठिकाणी निकाल यंत्रावर नव्हे, नमुन्यावर, ब्लँकवर आणि जमाखर्चावर ठरतो. नमुना घेण्याच्या पद्धतीवर मी इतकी पाने का खर्ची घालतो, असे कुणी विचारले तर माझे उत्तर हे गणित आहे.

नंदुरबारच्या वाचकाने एक गोष्ट विशेष जपावी. त्याच्या पायाखालची जमीन काळ्या खडकाची आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मुळातच व्हॅनेडियम शेकडो पीपीएम असते, क्रोमियम, निकेल, तांबेही असतात, आणि त्या खडकाच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत ते उतरतात. रुळाकडेच्या शेतातली माती तपासून व्हॅनेडियम अडीचशे पीपीएम आले आणि कुणी कोळशाकडे बोट दाखवले, तर ते बोट बहुधा चुकीच्या दिशेला आहे. कोळशात व्हॅनेडियम मातीपेक्षा कमीच असते. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर उघड्या उन्हात मिरची वाळते. तिच्यावर बसणाऱ्या धुळीत काय असते, हा प्रश्न लेखिकेला तिच्या विद्यार्थ्यांनी विचारला आणि तिने तो एका प्रकरणाचा गाभा केला. तिचे उत्तर संयमाचे आहे : आधी सातपुड्याच्या पायथ्याची, तापीकाठची आणि रुळांपासून दूरची माती मोजा, मग मिरचीवरची धूळ. बेसॉल्टमध्ये जे नगण्य आणि राखेत जे जास्त, अशा मूलद्रव्यांकडे पाहा. आर्सेनिक, सेलेनियम, शिसे. आणि कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहा : भट्टीत वितळून निवलेली राख गोल मण्यांसारखी दिसते, माती तशी दिसत नाही. आरोप करायला आणि आरोप फेटाळायला, दोन्हीला हा पार्श्वभूमीचा आकडा लागतो. या जिल्ह्यासाठी असा मातीचा तक्ता तयार करणे हे महाविद्यालयांनी मिळून करण्यासारखे काम आहे.

त्याला कोट्यवधींचे यंत्र लागेलच असे नाही. मुंबईच्या आयआयटीतले सॅईफ केंद्र बाहेरच्या संस्थांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासते. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, जळगावला विद्यापीठ आहे. नमुना नीट घेऊन, नीट विरघळवून, ब्लँकसह पाठवणे हे काम इथेच होऊ शकते, आणि वर सांगितल्याप्रमाणे खरी कसोटी तिथेच आहे. शिवाय काही मोजमापे कॉलेजच्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होतात. राखेचे दहा ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर बाटलीत घालून रात्रभर हलवत ठेवायचे, सकाळी गाळून त्यात आम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड घालायचे. षट्संयुजी क्रोमियम असेल तर काही मिनिटांत द्रावण गुलाबी-जांभळे होते आणि ५४० नॅनोमीटरला त्याची मात्रा वाचता येते. राखेच्या विटांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्या मुलाने हा प्रयोग एकदा केला की लिचिंग, म्हणजे राखेतले घटक पाण्यात उतरणे, काय असते हे त्याला फळ्यावर समजावून सांगावे लागत नाही.

पुस्तकाच्या भाषेविषयी एवढेच. धडगाव, अक्कलकुव्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरात पावरी किंवा भिली बोलतात, शहाद्याकडे अहिराणी आणि गुजरी. मराठी ही त्यांची शिकण्याची भाषा आहे, आणि इंग्रजी पुस्तक हाती दिले तर ती दुसरी चढण ठरते. लेखिकेने वाक्ये छोटी ठेवली, रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द जसेच्या तसे घेतले, आणि प्रत्येक पद्धतीची कृती आज्ञार्थी क्रियापदांत लिहिली. घ्या, तोला, तापवा, थांबा. प्रयोगशाळेत ओल्या हाताने पान उलटणाऱ्याला असेच पुस्तक हवे असते.

माझा एक मतभेद नोंदवतो. प्रकरणांचा क्रम यंत्रांपासून सुरू होतो आणि नमुना घेणे, ब्लँक, अनिश्चितता हे विषय पाचव्या-सहाव्या प्रकरणात येतात. विद्यार्थ्यांना यंत्रांचे आकर्षण असते, त्यावरूनच ते आत येतात, हे लेखिकेचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही शिकवणाऱ्याने आधी पाचवे, मग सहावे, आणि त्यानंतर पहिले प्रकरण घ्यावे. पाचव्याच्या अखेरीस दिलेला शंकू रचून चौथाई करण्याचा प्रयोग कोळसा मिळाला नाही तर वीटभट्टीच्या राखेवरही करता येतो. दोन गटांनी एकाच ढिगातून वेगवेगळे नमुने काढावेत, दोन्हींतले राखेचे प्रमाण काढावे आणि फरक फळ्यावर लिहून ठेवावा.